लहान मुले आणि पैशांचा व्यवहार : गोव्यातील पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार ते बारा वर्षांच्या मुलांचे पालक, आजी-आजोबा आणि काही शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्राथमिक प्रश्न आधी आणि अडचणीचे प्रसंग नंतर असा क्रम ठेवला आहे. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून आवश्यक तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागची धारणा एकच आहे: मुलाच्या हातात थोडे पण खरे पैसे पडावेत, त्यांचा निर्णय त्यानेच घ्यावा आणि मोठ्यांनी त्याला दिलेला शब्द पाळावा. बँका आणि सरकारी योजनांचे नियम अधूनमधून बदलत असल्याने खाते उघडण्यापूर्वी चालू नियम शाखेत विचारून घ्यावेत.

१. मुलाला पैशांबद्दल कोणत्या वयापासून शिकवावे? चार वर्षांचे मूल फार लहान नाही का?

चार वर्षांच्या मुलाला हिशेब येत नाही, पण वस्तू घेतली की पैसे द्यावे लागतात आणि दिलेले पैसे आपल्याकडे राहत नाहीत, एवढे त्याला नक्की कळते. तेवढ्यापासून सुरुवात करावी. आपल्याकडे त्यासाठी सोयीचा प्रसंग रोज सकाळी दारात येतो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मुलाला पैसे देऊन दारापर्यंत पाठवावे आणि आपण मागे उभे राहावे. पाव पाच रुपयांना असेल, पाच पाव घ्यायचे असतील आणि हातात पन्नासची नोट असेल, तर चार वर्षांचे मूल पाव मोजून घेईल, सहा वर्षांचे मूल परत आलेले पैसे मोजेल आणि आठ वर्षांचे मूल पंचवीस रुपये परत येणार हे आधीच सांगेल. व्यवहार एकच असतो. मुलाच्या वाढत्या वयाबरोबर त्यातला त्याचा वाटा वाढवत न्यायचा असतो.

२. नाणी आणि नोटांची ओळख कशी करून द्यावी?

खेळातल्या कागदी नोटांऐवजी खऱ्या नोटा वापराव्यात. सध्याच्या मालिकेतील नोटांच्या मागच्या बाजूची चित्रे मुलांना आवडतात: दहाच्या नोटेवर कोणार्कचे सूर्यमंदिर, वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप आणि पाचशेवर लाल किल्ला. किंमत वाढते तशी नोटेची लांबीही वाढते, हे नोटा एकावर एक ठेवल्यावर मुलाला स्वतःलाच दिसते. वाचायला लागलेल्या मुलाला मागच्या बाजूचा पंधरा भाषांचा रकाना दाखवावा आणि त्यात कोंकणी व मराठी शोधायला सांगावे. कोंकणी सहाव्या ओळीत आहे आणि मराठी आठव्या ओळीत. घरात आणि शाळेत या दोन्ही भाषा ऐकणाऱ्या मुलाला त्यांचा शोध लागला की नोट निरखून पाहण्याची सवयच लागते.

नाण्यांमध्ये वीस रुपयांचे नाणे बारा कडांचे आहे, ते स्पर्शानेही ओळखू येते. दहा रुपयांच्या नाण्याचे निरनिराळे नमुने चलनात असून ते सर्व वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. एखाद्याने ते नाकारले तर मुलाला तसे सांगता आले पाहिजे.

घरात आजीच्या पेटीत पोर्तुगीज काळातले एखादे नाणे असेल तर तेही अवश्य काढावे. १९५८ मध्ये येथे रुपियाच्या जागी एस्कुदो आले आणि एका रुपियाचे सहा एस्कुदो असा दर ठरला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर तेही चलनातून गेले. ज्या नाण्याने पणजोबांनी बाजार केला त्याने आज काहीच का विकत घेता येत नाही, या प्रश्नावर आठ-नऊ वर्षांचे मूल बराच वेळ विचार करते. सर्वांनी मानले तरच पैसा चालतो, हे त्यातून त्याला जितके स्पष्ट कळते तितके व्याख्येतून कळत नाही.

३. खाऊचे पैसे नियमित द्यावेत का? द्यायचे तर किती आणि केव्हा?

पाच-सहा वर्षांपासून आठवड्याला एक ठरावीक रक्कम द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मागेल तेव्हा दिलेल्या पैशांतून मूल मागायला शिकते. ठरलेल्या दिवशी ठरलेले पैसे मिळाले तरच ते पुरवायला शिकते. रकमेचा एकच आकडा सर्वांना लागू पडणार नाही, पण एक कसोटी सांगता येते. त्या पैशांत आठवड्याला एखादी छोटी वस्तू घेता यावी आणि मनातली जराशी मोठी वस्तू घेण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावे लागावे. सहा वर्षांच्या मुलाला वीस रुपये पुरत असतील तर दहा वर्षांच्या मुलाला पन्नास ते शंभर लागतील. या पैशांतून काय घ्यायचे आणि काय पालकच घेणार, हे सुरुवातीलाच सांगावे. वह्या, चप्पल आणि औषध खाऊच्या पैशांत येत नाहीत.

आठ वर्षांपर्यंत आठवडा हा कालावधी ठेवावा, त्यापुढे पंधरवडा आणि अकरा-बाराव्या वर्षी महिना. दिवस मात्र चुकवू नये. म्हापसा परिसरातील कुटुंबांना शुक्रवार सोयीचा पडतो, कारण त्याच दिवशी बाजार भरतो आणि मुलाला पैसे व पर्याय एकाच वेळी समोर दिसतात.

४. मातीचा गल्ला बरा की तीन डब्यांची पद्धत?

जत्रेत मिळणारा मातीचा गल्ला सुंदर असतो, पण त्यात पैसे किती साठले ते दिसत नाही आणि तो फोडल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत. सात वर्षांखालील मुलांसाठी काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्या अधिक उपयोगी पडतात, कारण वाढलेली पातळी डोळ्यांना दिसते. खर्च, साठवण आणि दान अशा तीन बरण्यांची पद्धत प्रचलित आहे. माझ्या मते सुरुवात दोनच बरण्यांनी करावी. दानाची बरणी मुलाला दान कोणाला करायचे हे स्वतःला सुचेल तेव्हा ठेवावी, कारण पालकांच्या आज्ञेने बाजूला काढलेला रुपया मुलाच्या लेखी केवळ कमी झालेला रुपया असतो.

साठवणीच्या बरणीवर काय घ्यायचे आहे त्याचे चित्र आणि किंमत लिहून चिकटवावी. "भविष्यासाठी" साठवण्याला सात वर्षांच्या मुलाच्या लेखी काही अर्थ नसतो. साडेतीनशे रुपयांच्या बॅडमिंटनच्या रॅकेटला असतो.

५. मुलाने आठवड्याचे पैसे पहिल्याच दिवशी संपवले. आता काय करावे?

काहीही करू नये, आणि हेच सर्वांत कठीण असते. पुढचा हप्ता ठरलेल्या दिवशीच द्यावा, आगाऊ देऊ नये आणि "मी सांगितले होते" असेही म्हणू नये. वीस रुपयांचे नुकसान सहाव्या वर्षी परवडते. आजी हळूच दहाची नोट देते तेव्हा सारे शिक्षण तेथेच थांबते, म्हणून घरातील सर्वांशी याबद्दल आधी बोलून ठेवावे (प्रश्न ९ पाहा). मूल शांत असताना मात्र एक प्रश्न विचारण्यास हरकत नाही: "परत तेच पैसे मिळाले तर काय घेशील?" त्याचे उत्तर ऐकून घ्यावे, दुरुस्त करू नये.

६. घरकामाचे पैसे द्यावेत का? शेजारी भांडी विसळण्याचेही पैसे देतात.

आपले ताट उचलणे, अंथरूण घडी करणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे ही घरात राहणाऱ्या प्रत्येकाची कामे आहेत. त्यांचे पैसे दिल्यास एक दिवस मूल "मला आज पैसे नकोत" असे म्हणून काम टाळेल आणि त्याचे म्हणणे तर्काला धरून असेल. ज्या कामासाठी आपण बाहेरच्या माणसाला पैसे दिले असते, ते काम मुलाने केल्यास मोबदला देणे योग्य ठरते: गाडी धुणे, जुनी रद्दी बांधून विकणे, बागेतल्या काजूच्या बिया वेचणे. कामापूर्वी रक्कम ठरवावी आणि काम अर्धवट झाले असेल तर ते पूर्ण झाल्यावरच पैसे द्यावेत. परीक्षेतल्या गुणांसाठी पैसे देणे मला मान्य नाही, कारण त्यामुळे ज्या विषयात गुण मिळणे कठीण तो विषय मुलाच्या लेखी तोट्याचा ठरतो.

७. जत्रेत किंवा फेस्ताच्या फेरीत (चर्चच्या उत्सवाच्या बाजारात) मूल प्रत्येक दुकानापुढे हट्ट धरते. कसे आवरावे?

निघण्यापूर्वी, घरातच, रक्कम मुलाच्या हातात द्यावी आणि हीच आजची रक्कम असे सांगावे. प्रसादाचे आणि घरासाठी घ्यायच्या खाज्याचे पैसे पालकांकडे राहतील. फेरीत एकदा संपूर्ण फिरून यावे आणि मगच खरेदी करावी, हा एक नियम पाळला तर निम्मा हट्ट आपोआप कमी होतो. पहिल्या दुकानातले खेळणे शेवटच्या दुकानात स्वस्त मिळते हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पैसे संपल्यावर ते रडले तर त्याला जवळ घ्यावे, पण पाकीट उघडू नये. पाच वर्षांखालील मुलाला ही पद्धत झेपत नाही. त्याला दोन वस्तूंपैकी एक निवडू द्यावी.

८. घरखर्चात मुलांना कसे सहभागी करून घ्यावे?

गोव्यातील घरांत यासाठी दोन संधी दरवर्षी येतात आणि त्या वाया घालवू नयेत.

पहिली संधी मे महिन्यातल्या पुरुमेंताची. पावसाळ्यापूर्वी कांद्यांच्या माळी, सुक्या मिरच्या, आमसुले, चिंच, उकडे तांदूळ, खारे बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) भरून ठेवण्याची आपली पद्धत म्हणजे अंदाजपत्रकाचा उत्तम धडा आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वही द्यावी आणि आजीला शेजारी बसवावे. महिन्याला किती कांदे लागतात, पावसाचे महिने किती, म्हणून एकूण किती, असे प्रश्न आजीने विचारावेत आणि आकडे मुलाने लिहावेत. नंतर बाजारात प्रत्यक्ष दिलेली किंमत त्याच ओळीत पुढे लिहावी. जुलैमध्ये दुकानात जाताना तीच वही बरोबर न्यावी आणि त्या दिवसाचे भाव तिसऱ्या रकान्यात टिपावेत. काही वस्तूंमध्ये पैसे वाचलेले दिसतील. एखादी वस्तू जास्त घेतल्यामुळे तिला बुरशी लागलेली असेल, तर तेही लिहून ठेवावे. साठवण्याचा फायदा आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्या तीन रकान्यांत दिसतात.

दुसरी संधी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची. माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या चौकटीच्या) बाजारात नारळ, सुपारीचा घड, चिबूड, तोरिंगण यांचे भाव चवथीच्या आदल्या दिवशी कोठे जातात ते सर्वांना ठाऊक आहे. माटोळीसाठी एक रक्कम ठरवावी आणि मोठ्या मुलाला यादी सांभाळू द्यावी. एखाद्या फळाचा भाव फारच चढला असेल तर ते कमी घ्यायचे की दुसरे काही वगळायचे, हे त्याला विचारावे आणि त्याने सांगितलेले शक्य असेल तर मानावे. फटाक्यांची रक्कम वेगळी ठेवावी. त्यातून उरलेले पैसे साठवणीच्या बरणीत टाकण्याची मुभा दिली तर आपणहून कमी फटाके घेणारी मुले मी पाहिली आहेत.

एरवीच्या दिवसांत पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत आणि वजन वाचण्याची सवय लावावी. ती किंमत सर्व करांसह असते, तिच्याहून जास्त घेता येत नाही, पण दुकानदार कमी घेऊ शकतो. दोन आकारांच्या पाकिटांपैकी शंभर ग्रॅमला कोणते स्वस्त पडते हे काढणे चौथीच्या मुलाला जमते, आणि मोठे पाकीट नेहमीच स्वस्त नसते हे कळल्यावर त्याला विशेष आनंद होतो.

९. आखातातून आलेले मामा आणि आजी-आजोबा मुलांच्या हातात पाचशेच्या नोटा ठेवतात. नाही म्हणता येत नाही.

नाही म्हणण्याची गरज नाही. आठवड्याला वीस रुपये मिळणाऱ्या मुलाच्या हाती अचानक पाचशे रुपये आले तर वीस रुपयांचे महत्त्व उरत नाही, म्हणून भेटीच्या पैशांसाठी वेगळा नियम ठेवावा. दहावा भाग मुलाने मनासारखा खर्च करावा आणि उरलेले त्याच्या बँक खात्यात जावेत, असा नियम आमच्या ओळखीच्या अनेक घरांत चालतो. तो पाहुण्यांनाही आधीच सांगावा. बहुतेकांना तो आवडतो. नोट मुलाच्या हातून काढून "मी ठेवते" असे म्हणायचे आणि ती घरखर्चात घालायची, हे मात्र करू नये. ते पैसे मुलाचे आहेत आणि मुले अशी गोष्ट वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

दिरहम, पौंड किंवा अन्य परकीय नोट मिळाल्यास ती बदलून घेताना मुलाला बरोबर न्यावे आणि त्या दिवसाचा दर वहीत टिपायला लावावे.

१०. मुलाचे बँक खाते कधी आणि कसे उघडावे?

कोणत्याही वयाच्या मुलाच्या नावे पालकांमार्फत बचत खाते उघडता येते, आणि पालक म्हणून आईचे नाव चालते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने खाते उघडून चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात हे नियम एकत्र मांडले आहेत. अशा खात्यातील रकमेची मर्यादा, एटीएम कार्ड आणि इतर सुविधा बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते, मात्र शिलकीपेक्षा जास्त पैसे काढण्याची सोय देता येत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर नव्याने सही आणि कागदपत्रे द्यावी लागतात. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या नावे बचत खाते उघडता येते. ते किमान ५०० रुपयांनी सुरू होते.

शिकण्याच्या दृष्टीने खात्यापेक्षा पासबुक महत्त्वाचे आहे. पैसे भरण्याची पावती मुलाने स्वतः लिहावी, पासबुक छापून आणावे आणि व्याजाची नोंद आली की ती बोट ठेवून वाचावी. व्याज फार थोडे दिसते म्हणून मुले हिरमुसतात. त्यांना बहात्तरचा नियम सांगावा: बहात्तरला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतील ते कळते. सहा टक्क्यांनी बारा वर्षे, आठ टक्क्यांनी नऊ. दहा वर्षांचे मूल लगेच आपले तेव्हाचे वय मोजते.

११. आमच्या दुकानात पिग्मीवाले रोज येतात. मुलाच्या नावे पिग्मी चालू करावी का?

रोज थोडे बाजूला काढण्याची ही पद्धत १९२८ मध्ये तेव्हाच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि आपल्या बाजारपेठांत ती आजही रुळलेली आहे. मुलाने रोज दहा रुपये स्वतः द्यावेत आणि नोंद स्वतः तपासावी, एवढ्यासाठी ती उत्तम आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुदतीपूर्वी पैसे काढल्यास व्याज मिळते की कपात होते, हे आधी विचारावे. दुसरे असे की बँकेतील ठेवीला, सहकारी बँक धरून, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थांना ते लागू नाही. हा फरक दहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येतो आणि सांगावा.

१२. सुकन्या समृद्धीत पैसे भरतो. मुलीला वेगळे काही शिकवायला हवे का?

हवे. ही योजना मुलीच्या शिक्षणाची आणि पुढच्या काळाची तरतूद आहे; तिच्यातून मुलीला व्यवहार शिकायला मिळत नाही, कारण अठरा वर्षांपर्यंत खाते पालकच चालवतात. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी ते उघडावे लागते, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, पंधरा वर्षे भरणा करायचा असतो आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते. ते चालू ठेवावे, वर्षातून एकदा त्याचे पासबुक तिला दाखवावे आणि तिच्या हातातल्या पैशांची व्यवस्था प्रश्न ३ व ४ प्रमाणे वेगळी करावी. भावाला बाजारात पाठवायचे आणि बहिणीच्या नावे फक्त ठेव ठेवायची, ही विभागणी अजून बऱ्याच घरांत दिसते आणि ती मला खटकते.

१३. घरातले सर्व व्यवहार फोनवर होतात. मुलाला पैसे दिसतच नाहीत.

ही अडचण खरी आहे. फोन पुढे केला की वस्तू मिळते, एवढेच मूल पाहते. दहा वर्षांपर्यंत मुलाचे सर्व व्यवहार रोखीतच ठेवावेत, मग आपण स्वतः काहीही वापरत असू. आपण यूपीआयने पैसे दिले की खात्यात आधी किती होते आणि आता किती उरले, ते पडद्यावर दाखवावे. आठवड्यातून एकदा मागील व्यवहारांची यादी मुलासमोर वाचली तर त्यालाच नव्हे, आपल्यालाही काही गोष्टी कळतात.

अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलचा विचार करता येतो. त्यात आपल्या खात्यातून दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित व्यवहार करू देता येतात. प्रत्येक व्यवहाराला आपली संमती लागेल असा पर्याय निवडावा. आपला पिन मुलाला सांगू नये, मग ते कितीही समजूतदार असो. पिन फक्त पैसे देताना लागतो, पैसे मिळवण्यासाठी कधीही लागत नाही, हे वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्यावे, तसेच ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हेही.

१४. मुलाने मोबाईल गेममध्ये आमच्या नकळत खरेदी केली. रागवावे की कसे?

आधी दाराला कडी घालावी: खरेदीसाठी प्रत्येक वेळी संकेतशब्द मागण्याची व्यवस्था सुरू करावी आणि साठवलेले कार्ड काढून टाकावे. ॲपच्या दुकानाकडे परताव्याची मागणी लगेच करावी, कारण उशीर झाल्यास ती मान्य होणे अवघड जाते. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. मग मुलाशी बोलावे. गेममधली नाणी म्हणजे आईच्या खात्यातले पैसे, हा संबंध सात-आठ वर्षांच्या मुलाला बहुधा ठाऊक नसतो. ती रक्कम खाऊच्या किती आठवड्यांइतकी होती हे कागदावर मांडून दाखवावे. रकमेचा काही भाग त्याने हप्त्यांनी फेडावा, पण सगळा खाऊ बंद करू नये.

१५. पणजीत मांडवीवरची कॅसिनोची जहाजे पाहून मुलगी विचारते, "तेथे लोकांना पैसे मिळतात का?"

प्रश्न टाळू नये, कारण दिव्यांनी झगमगणारी ती जहाजे तिला पुन्हा दिसणारच आहेत. तेथे एकवीस वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, हे सांगावे; पण तेवढे पुरत नाही. घरातच एक प्रयोग करावा. दहा चिठ्ठ्या कराव्यात आणि सर्वांनी मिळून प्रत्येक चिठ्ठीमागे एक रुपया ठेवावा. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला सहा रुपये द्यावेत आणि चार रुपये खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे आईने, ठेवावेत. दहा-बारा फेऱ्यांत मुलांचे रुपये आईसमोर जमा होतात. एखाद्याला दोनदा बक्षीस मिळते आणि तो आनंदाने ओरडतो, पण एकूण पैसे कोणाकडे गेले ते सर्वांना दिसते. शेवटी सर्वांचे पैसे परत करावेत. लॉटरी आणि मटका यांबद्दलही हेच दाखवता येते. घरातले कोणी यात पैसे घालवत असेल तर त्या व्यक्तीची मुलासमोर निंदा करू नये. खेळाचे गणित समजावणे पुरेसे आहे.

१६. आमचे उत्पन्न हंगामी आहे. पावसाळ्यात खाऊचे पैसे देणे जमत नाही. मुलांना तंगी सांगावी का?

पर्यटन, शॅक, टॅक्सी आणि मासेमारी यांवर चालणाऱ्या घरांचा हा प्रश्न आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात पर्यटकही कमी होतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते चालू असलेल्या घरांतली मुले काहीतरी बिघडले आहे हे ओळखत होती. सांगितले नाही तर मुले स्वतःच अर्थ लावतात, आणि पुष्कळदा आपल्यामुळेच आईबाबा चिडतात असा लावतात.

म्हणून सांगावे, पण वयानुसार. सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते: "सध्या काम कमी आहे, म्हणून आपण बाहेर खाणार नाही; शाळा, जेवण आणि औषध यांची सोय आहे." दहा वर्षांच्या मुलाला हंगामातील मिळकत बारा महिन्यांत वाटून कशी वापरतात ते आकड्यांत दाखवावे. रात्रीची कर्जाची चर्चा आणि सावकाराचे फोन यांत मात्र मुलांना ओढू नये. खाऊ पूर्ण बंद करण्यापेक्षा पावसाळ्यापुरता निम्मा करावा आणि ते मे महिन्यातच सांगावे. वर्षभर सारखीच छोटी रक्कम ठेवणे त्याहूनही बरे.

१७. पाकिटातून पैसे गेले आणि ते मुलानेच घेतले. याला चोरी म्हणावे का?

पाच वर्षांखालील मुलाला घरातले पैसे कोणा एकाचे असतात हे पुरते कळलेले नसते. त्याला फक्त परत ठेवायला लावावे. सात-आठ वर्षांनंतर ते कळते. अशा वेळी "तू घेतलेस का?" असे विचारून खोटे बोलायला जागा देऊ नये, "पन्नास रुपये तू घेतले आहेस, ते परत कसे करायचे ते ठरवू" असे म्हणावे. पैसे कशासाठी लागले हे शोधणे फार महत्त्वाचे आहे. शाळेत मोठी मुले धमकावून पैसे मागत असतील तर प्रश्न पैशांचा राहत नाही आणि शिक्षकांना लगेच भेटावे लागते. नातेवाइकांसमोर मुलाचा अपमान करू नये.

१८. मुलीने मैत्रिणीला उसने पैसे दिले, ते परत येत नाहीत. आम्ही मध्ये पडावे का?

रक्कम खाऊच्या पैशांतली असेल तर पडू नये. पैसे परत कसे मागावेत, हे मात्र तिच्याबरोबर बोलून ठरवावे: "शुक्रवारी दिलेले वीस रुपये मला पुस्तकासाठी हवे आहेत" असे सरळ वाक्य पुरते. पुढच्या वेळी गेले तरी चालतील एवढेच पैसे उसने द्यावेत, हे तिला स्वतःच सुचण्याची शक्यता आहे.

१९. दिवाळीला वाड्यावरची मुले नरकासुराच्या पुतळ्यासाठी वर्गणी गोळा करतात. त्यात काही शिकवता येईल का?

पुष्कळ शिकवता येईल, कारण हे मुलांच्या हाती येणारे पहिले सार्वजनिक पैसे असतात. वही एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे असावेत. प्रत्येक घराचे नाव आणि रक्कम देणाऱ्यासमोर लिहावी. कागद, तारा, रंग आणि फटाके यांच्या पावत्या वहीत चिकटवाव्यात. दिवाळीनंतर शिल्लक किती आणि तिचे काय करायचे, हे सर्व मुलांनी एकत्र बसून ठरवावे आणि हिशेबाचा कागद देवळाजवळ किंवा वाड्यावरच्या दुकानात लावावा. मोठ्यांनी बेरीज तपासून द्यावी, निर्णय घेऊ नयेत.

२०. बाजारात आमचा गाडा आहे आणि मुलगा सुट्टीत मदत करतो. त्याला मजुरी द्यावी का? आणि स्पर्धेत मिळालेल्या बक्षिसावर कर लागतो का?

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे; शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्यास मुभा आहे, तीही काम धोक्याचे नसेल आणि शिक्षणात खंड पडत नसेल तरच. मजुरीपेक्षा एखाद्या वस्तूचा हिशेब त्याच्याकडे सोपवावा: सरबताच्या बाटल्या किती रुपयांना आणल्या, किती विकल्या, बर्फाला किती गेले आणि उरले किती. त्या उरलेल्यातला ठरलेला वाटा त्याचा.

कराबाबत नियम असा की अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालील) मुलाच्या ठेवीवरील व्याजासारखे उत्पन्न ज्या पालकाचे उत्पन्न जास्त असेल त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मुलाने स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेले उत्पन्न त्याचे स्वतःचे धरले जाते. त्यामुळे तबलावादनाचे मानधन आणि आजोबांनी ठेवलेल्या ठेवीचे व्याज यांचा हिशेब वेगळा ठेवावा. रक्कम मोठी असल्यास कर सल्लागाराला विचारावे.

२१. आम्ही दोघे वेगळे राहतो. माझ्या घरी खाऊला मर्यादा आहे, शनिवार-रविवारी तिकडे मात्र सगळे मिळते. हे कसे जुळवावे?

दोन घरांचे नियम तंतोतंत सारखे करणे बहुधा शक्य होत नाही, आणि त्यासाठी मुलाला निरोप्या करणे सर्वांत वाईट. दोघांचे बोलणे होत असेल तर केवळ दोन गोष्टींवर एकमत करावे: आठवड्याचे पैसे कोणत्या एका घरातून मिळतील, आणि विशिष्ट रकमेवरील वस्तू घेण्यापूर्वी एकमेकांना कळवले जाईल. बोलणे होत नसेल तर आपल्या घराचा नियम शांतपणे चालू ठेवावा. "या घरी असे आहे" एवढे सांगितले की मुले दोन्ही पद्धती वेगळ्या ठेवू शकतात. तिकडून मिळालेल्या वस्तूची किंमत काढू नये किंवा ती परत पाठवू नये. बरणी आणि वही मुलाच्या दप्तरात मावतील अशी घ्यावी, म्हणजे ती दोन्ही घरी त्याच्याबरोबर जातील. बँक खात्यात पालक म्हणून कोणाचे नाव आहे आणि पैसे काढताना कोणाची सही लागते, हे दोघांनाही माहीत असावे. न्यायालयाने मुलाच्या ताब्याबाबत आदेश दिला असेल तर त्याची प्रत खाते उघडताना बँकेत दाखवावी.